ताबा सुटला की आर्म तुटला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आठवड्यातून एकदा-दोनदा तरी हे वाक्य असतंच : ‘चालकाचा ताबा सुटल्याने कार रस्त्याच्या खाली उतरून उलटली.’ इतकी वर्षं मी ते वाचून पान उलटत आले. चालकाला डुलकी लागली असेल, वेग जास्त असेल, नाही तर तो फोनवर बोलत असेल, असं मनाशी धरायचं आणि पुढं वाचायचं. गेल्या तीन महिन्यांत माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर हे वाक्य माझ्याच्यानं सरळ वाचवत नाही. हे पत्र थोडं लांबेल, पण शक्य तितकं न कापता छापावं, ही विनंती. यातल्या एखाद्या तपशिलानं कुणाचं तरी चाक वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

मी निवृत्त शिक्षिका आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्या ह्यांना काचबिंदू आहे, त्यामुळे गाडी मीच चालवते. गाडी २०१४ ची, पांढरी, छोटी हॅचबॅक. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ह्यांना सोलापूरला डॉक्टरांना दाखवून आम्ही रात्री साडेआठच्या सुमारास परतत होतो. पाऊस भुरभुरत होता. गावात शिरताना एका ठिकाणी सलग रस्ता संपतो आणि मधोमध दुभाजक सुरू होतो. त्या दुभाजकाच्या टोकाला कधीकाळी काळे-पिवळे पट्टे होते. आता सिमेंट उघडं पडलंय, ओलं झालं की ते डांबरासारखंच दिसतं. समोरून येणाऱ्या ट्रकचा हाय बीम डोळ्यांवर आला, काच ओली, आणि पुढचं उजवं चाक त्या टोकावर चढलं. वेग चाळीसच्या आतबाहेर असेल. धप्प असा आवाज झाला, गाडी एका अंगाला उचलली गेली आणि खाली आपटली. व्हीलकॅप घरंगळत पलीकडच्या लेनमध्ये गेली.

खाली उतरून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. टायर बसला नव्हता, तेल गळत नव्हतं, बंपरला साधा ओरखडाही नव्हता. ह्यांनी विचारलं, “चालेल का?” मी म्हटलं, “चालेल.” आणि गाडी चाललीही. सगळं फसलं ते इथंच. काच फुटली असती, टायर फाटला असता, तर त्याच आठवड्यात गाडी गॅरेजला लागली असती.

दुसऱ्या दिवशी उजेडात चालवली तेव्हा लक्षात आलं, की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग जरा तिरकं धरावं लागतंय आणि सैल सोडलं की गाडी उजवीकडं ओढतेय. शेजारच्यांनी सांगितलं, “अलाइनमेंट गेली असेल.” म्हणजे चाकांचे कोन बिघडले असतील. म्हणून एका टायरच्या दुकानात गेले. दुकान चांगलं, मशीन नवं, चारही चाकांना पंजे लावून मोठ्या पडद्यावर चाकांच्या कोनांचे आकडे दाखवणारं. पडद्यावर काही चौकोन हिरवे होते, काही लाल. मुलगा गाडीखाली गेला, दोन्ही बाजूंच्या टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडं जाणाऱ्या दांड्यांचे, नट सैल केले, रॉड फिरवले, नट आवळले. वीस मिनिटांत म्हणाला, “झालं बघा काकू, आता एकदम सरळ.” साडेचारशे रुपये झाले. सगळे चौकोन हिरवे नव्हते. दोन लालच होते. मी विचारलं तर म्हणाला, “ते ह्या गाडीत ॲडजस्ट होत नाहीत, सगळ्यांचे तसेच असतात.” प्रिंट मागितली, तर “कागद संपलाय”.

स्टिअरिंग खरंच सरळ झालं होतं. गाडी मात्र अजूनही किंचित उजवीकडं झुकत होती. पुन्हा विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “रस्त्याला उतार असतो, त्यामुळं तसं वाटतं.” इथं माझ्यातली शिक्षिका जागी व्हायला हवी होती. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडं उतार देतात. आपण डाव्या बाजूनं चालवतो, म्हणजे उतार आपल्या डावीकडं. उताराच्या ओढीनं गाडी डावीकडं जायला हवी. माझी गाडी उजवीकडं, म्हणजे चढाच्या दिशेनं ओढत होती. ही गोष्ट सातवीच्या मुलानं विचारली असती तर मी फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. स्वतःच्या गाडीच्या वेळी ऐकून घरी आले.

पुढचे सहा आठवडे गाडी तशीच वापरली. किलोमीटरचा आकडा नंतर पाहिला : अकराशे चाळीस. त्यात दोनदा तुळजापूर झालं. घाट उतरताना नातू मागच्या सीटवर झोपला होता. हे मी मुद्दाम लिहीत आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला गाडी मागं घेताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असलं की उजव्या चाकातून ‘कट्’ असा एकच आवाज यायला लागला. नेहमी नाही, पाचातून एकदा. त्याच सुमारास पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्यानं हात लावून दाखवलं, की त्या टायरची बाहेरची कड गुळगुळीत झालीय आणि आतल्या बाजूची नक्षी अजून नव्यासारखी आहे. डाव्या टायरचं तसं काही नव्हतं.

मग माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मला जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मिस्त्रींकडं नेलं. वय साठीच्या पुढं, पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली. त्यांनी पाना हातात घेतला नाही, की गाडी जॅकवर चढवली नाही. आधी विचारलं, “बाई, गाडी कुठं आदळली होती का?” दीड महिन्यात हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता.

मी दुभाजकाचं सांगितल्यावर त्यांनी पोराकडून शिंप्याची फीत मागवली. स्टिअरिंग सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डाव्या बाजूनं मापलं, मग उजव्या बाजूनं. उजवीकडचं माप अकरा मिलिमीटरनं कमी भरलं. खात्रीसाठी पुन्हा मापलं, तेवढंच. म्हणाले, “चाक मागं सरकलंय. हे मशीनला रॉड फिरवून पुढं येणार नाही.” लाखो रुपयांच्या मशीननं लाल चौकोनात जे दाखवलं होतं, ते त्यांनी शिंप्याच्या फितीनं शब्दांत सांगितलं.

मग गाडी उचलली. चाकाला बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवलं, मग तीन आणि नऊच्या जागी. मलाही धरायला लावलं. वर-खाली धरल्यावर हाताला बारीक टक् लागत होतं. “हे बॉल जॉइंटचं. आडवं धरल्यावर टक् लागलं तर टाय रॉड एंडचं. तुमचं दोन्हीकडं आहे, पण वरचं जास्त.” चाक हातानं फिरवून रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला. एका जागी कड त्याला जवळजवळ घासत होती, बाकी ठिकाणी लांब. म्हणजे रिमची आतली कड दबली होती. टायरच्या आतल्या भिंतीवर आवळ्याएवढा फुगा होता. बाहेरून तो दिसूच शकत नव्हता. आतले दोरे तुटले की रबर तेवढं उरतं आणि हवा ते बाहेर ढकलते. अशा टायरवर मी घाट उतरले होते.

इथं थोडं समजावून सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला साधारण तीन आधार असतात. वरून शॉकॲब्सॉर्बरचा खांब, ज्याला स्ट्रट म्हणतात. खालून लोअर आर्म, गाडीच्या सांगाड्याला दोन रबरी बुशांनी जोडलेला, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यासारखा सगळीकडं फिरणारा सांधा. तिसरा आधार बाजूनं येणारा टाय रॉड, जो स्टिअरिंगच्या हुकमानं चाक वळवतो. चाक कडेवर आदळलं की धक्का बहुतेक वेळा खालच्या आर्मवर येतो. तो वाकला की चाकाचा तळ आत आणि मागं सरकतो. चाक वरून बाहेर कलंडतं, त्याला कॅम्बर म्हणतात. खांबाचा मागं झुकलेला कोन कमी होतो, तो कास्टर. या दोन्हींमुळं गाडी त्या बाजूला ओढते. आणि चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळतं, तो टो. माणसानं पावलं आत वळवून किंवा फेंगडी टाकून चालावं, तसं.

आता गोम इथं आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलता येतो. कॅम्बर आणि कास्टर बदलायची सोयच नसते, कारण भाग सरळ असले तर ते आपोआप बरोबरच असतात. म्हणजे हे दोन आकडे लाल आले तर त्याचा अर्थ ‘ॲडजस्ट होत नाहीत’ असा नसतो. ‘काहीतरी वाकलंय’ असा तो बहुधा असतो. आणि टाय रॉड फिरवून टो हिरवा केला की स्टिअरिंग सरळ दिसतं, गिऱ्हाईक खुशीत घरी जातं, आणि वाकलेला आर्म तसाच खाली राहतो. ताप उतरवायची गोळी दिली आणि पोटातला गळू तसाच ठेवला, अशातली ही गोष्ट आहे.

मिस्त्रींनी आर्म काढला. स्प्लिट पिन ओढून नट सैल केला, आणि बॉल जॉइंटवर न मारता नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याच्या, कानावर बाजूनं हातोड्याचे दोन नेमके घाव घातले. जॉइंट सुटून खाली आला. पोरानं तोवर दुकानातून नवा आर्म आणला होता. दोन्ही गोणपाटावर एकावर एक ठेवले. मागच्या बुशाचं भोक जुळवलं, तर पुढचं भोक बोटभर बाजूला. उघड्या डोळ्यांनी जुना आर्म वेगळा पाहिला असता तर तो वाकलाय हे मला कळलंच नसतं.

पण ते थांबले नाहीत. जुना आर्म पेट्रोलनं धुतला, फडक्यानं पुसला, मग बॉल जॉइंटच्या बैठकीजवळ, जिथं वेल्डिंगची ओळ जाते, तिथं रॉकेल चोपडलं. दहा मिनिटं तसाच ठेवला. मग कोरडा पुसून काढला आणि मला म्हणाले, “बाई, पर्समध्ये खडू असंल तुमच्या?” नव्हता. त्यांच्याच ड्रॉवरमधून निघाला. तो त्यांनी लोखंडावर घासला, पांढरा थर दिला, आणि आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. मिनिटाभरात त्या पांढऱ्यावर एक करडी ओली रेघ उमटायला लागली. केसाएवढी बारीक, पण अडीच-तीन सेंटिमीटर लांब, वेल्डिंगच्या कडेनं थोडी वळलेली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडू ओढून घेत होता. केशाकर्षण. एकतीस वर्षं मी हा धडा काचेच्या नळ्यांवर शिकवला. माझ्या नातवाचा जीव ज्या लोखंडावर होता, त्यावर तो मी पहिल्यांदा पाहिला.

मिस्त्री म्हणाले, त्यांचे वस्ताद कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते, ही रीत त्यांनी शिकवली. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी आसांच्या चिरा अशाच तेल आणि पांढऱ्या पुडीनं शोधत असत.

मी विचारलं, “हा तुटला असता तर?” ते म्हणाले, “चाक बाहेर पडत नाही लगेच. खालून सुटतं आणि आडवं होतं. त्या कोपऱ्यावर गाडी बसते. मग स्टिअरिंग कितीबी फिरवा.” थोडं थांबून म्हणाले, “अन् पेपरात येतं, ताबा सुटला.”

संपादक महोदय, हे पत्र त्या वाक्यामुळं लिहिलं आहे. मिस्त्रींनी ते कुणावर राग धरून म्हटलं नव्हतं. पण जुलैत दुभाजकावर बसलेला मार सप्टेंबरात घाटात फळाला आला असता, तर त्या दोन घटना कुणी जोडल्या असत्या? पंचनाम्यात रस्ता कोरडा, उजेड पुरेसा, चालक महिला, वय बासष्ट, एवढंच आलं असतं. आणि माझ्या मुलाला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आईनं या वयात गाडी चालवायला नको होती.

दुरुस्तीचा हिशोब देते, कारण पैशाच्या धास्तीनंच माणसं हे काम टाळतात. लोअर आर्म बॉल जॉइंटसह २,१५० रुपये, टाय रॉड एंड ६२०. उजव्या स्ट्रटचा दांडा किंचित वाकून तेल पाझरत होतं. तो भाग जोडीनं बदलायचा असतो, नाही तर एक बाजू कडक आणि एक नरम होते, म्हणून दोन्हींचे ५,४००. रिमची कड मशीनवर सरळ करून घेतली, ३५०. पुन्हा अलाइनमेंट ४५०, मजुरी १,८००. एकूण १०,७७०. टायर वेगळा, ३,८००. याच गाडीला मधल्या काळात एका मोठ्या वर्कशॉपनं न उघडताच ४६ हजारांचं एस्टिमेट दिलं होतं, त्यात स्टिअरिंगचा अख्खा रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं टाय रॉडपर्यंत पोचवणारा भाग, आणि दोन्ही बाजूंचं सगळं होतं. रॅकला काही झालेलं नव्हतं, हे मिस्त्रींनी रबरी बूट मागं सारून दाखवलं. आणि दुसऱ्या एका ठिकाणी पाचशे रुपयांत आर्म ‘गॅस मारून’ सरळ करून द्यायची तयारी होती.

हे गॅस मारणं तर बंदच व्हायला हवं. आर्म दाबून घडवलेल्या पोलादाचा असतो. त्याची ताकद त्याच्या आकारात आणि कारखान्यात ते पोलाद जसं घडवलं त्यात असते. तो लाल होईपर्यंत तापवून ठोकला की दिसायला सरळ होतो, पण तेवढा भाग नरम पडतो. न तापवता उलटा वाकवला तर तिथंच चिरतो. बांधायची तार एकाच जागी मागं-पुढं वाकवत राहावी, हाताला गरम लागते आणि शेवटी तुटते. मुलांना मी हा प्रयोग दरवर्षी करायला लावायची. आमच्या मिस्त्रींना मी विचारलं, की तुमच्याकडंही गॅस आहे, तुम्ही का नाही केलं सरळ? ते म्हणाले, “सायलेन्सरला मारतो, बंपरच्या पट्टीला मारतो. ज्याच्यावर चाक आहे त्याला नाही.”

नवा आर्म बसवतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चांगलं काम कसं ओळखावं ते त्यात आहे. बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी वर असताना नुसते हातानं लावले. गाडी खाली, स्वतःच्या चाकांवर उतरवली, पुढून दाबून दोन-तीनदा हलवली, आणि मग खाली झोपून टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळले. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर बुशाचं रबर त्याच जागी पकडलं जातं, मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. स्प्लिट पिन जुनी वापरली नाही. दहा रुपयांचीही नसेल ती, पण पोरानं जुनी सरळ करायला घेतली तेव्हा त्यांनी हातातून काढून फेकून दिली.

नंतर आम्ही त्याच टायरच्या दुकानात गेलो, मी मुद्दाम. या वेळी आधी आणि नंतर, दोन्ही प्रिंट मागून घेतल्या. वाकलेल्या आर्मवरचे आकडे मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी तिथूनच काढून आणायला लावले होते. उजव्या चाकाचा कॅम्बर बाहेरच्या बाजूला १ अंश १० मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश), डाव्याचा जवळजवळ शून्य. कास्टर उजवीकडं १ अंश ५० मिनिटं, डावीकडं ३ अंश ५ मिनिटं. आर्म आणि स्ट्रट बदलल्यावर, टाय रॉडला हात लावण्याआधीच, उजवीकडचा कॅम्बर शून्याजवळ आणि कास्टर ३ अंशांवर आला. जे ‘ॲडजस्ट होत नाही’ ते आपोआप जागेवर आलं. दोन्ही कागद मी त्या मुलासमोर ठेवले, आणि पिशवीतून जुना आर्म काढून त्याच्या हातात दिला. त्यानं बराच वेळ ती रेघ अंगठ्यानं चाचपली. वयानं तेवीस-चोवीसचा असेल. “मला हे कुणी सांगितलंच नव्हतं काकू,” म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. त्याला मशीन चालवायला शिकवलं, मशीन काय म्हणतंय ते शिकवलं नाही.

म्हणून सगळ्या टायरवाल्यांना आणि अलाइनमेंट करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गाडी मशीनवर घेण्याआधी ‘कुठं आदळली होती का?’ एवढं विचारा. कॅम्बर-कास्टर एका बाजूला लाल असेल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा, तर टो जुळवून पैसे घेऊ नका. घेतलेच तर बिलावर लिहून द्या, की खालचे भाग तपासून घ्या. आधीची आणि नंतरची प्रिंट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. त्यासाठी कुठला कायदा लागत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. तोवर तिच्या खाली सक्तीनं कुणी डोकावत नाही. पीयूसी काढताना फक्त धूर पाहतात. म्हणजे पंधरा वर्षं या गाडीचा आर्म पाहणारा एकच माणूस, तो म्हणजे तिचा मिस्त्री. त्याला आपण घाई करतो, ‘बाकी राहू दे, तेवढं स्टिअरिंग सरळ करा’ म्हणतो. मीही म्हटलं होतं.

विम्याबद्दल थोडक्यात. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे त्यांना यातलं काहीच मिळत नाही. माझा पूर्ण होता, पण ‘काही झालं नाही’ म्हणून मी त्या रात्री ना फोटो काढले, ना कंपनीला कळवलं. सहा आठवड्यांनी ते नुकसान त्याच धक्क्याचं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? गाडी चालत असली तरी जागेवरचे चार फोटो काढावेत आणि कळवून ठेवावं.

आता दुभाजक. तो रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे मी इथं लिहीत नाही. जिथं द्यायचा तिथं अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडं आहे. आणि असं टोक काही फक्त आमच्याच गावात आहे, असं नाही. रस्त्यावरचे पट्टे कसे असावेत यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ३५ ही संहिता आहे, फलकांसाठी आयआरसी ६७ आहे. दुभाजक सुरू होतो तिथं लांबून चमकणारी खूण असावी, यात नवं काहीच नाही. आमच्या टोकाची उंची मी शाळेतल्या पट्टीनं मोजली : बावीस सेंटिमीटर. दुरुस्तीच्या प्रत्येक वेळी वर सिमेंटचा एक थर चढत गेला आणि रंग मात्र पहिल्याच थरावर, खाली राहिला.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरल्या मापदंडांप्रमाणं न केल्यामुळं कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगलं कलम आहे. पण प्रत्यक्षात नजरेत येतो तो जागेवरचा मृत्यू, जागेवरचं अपंगत्व. जी गाडी त्या टोकावर आदळून, चीर घेऊन, आपल्या चाकांवर निघून जाते आणि चाळीस किलोमीटर पुढं दीड महिन्यानं मोडते, ती त्या दुभाजकाच्या नावावर कधीच लागत नाही. ती ‘ताबा सुटला’ या वाक्याच्या नावावर लागते.

आपल्या बातमीदारांना माझी एवढीच विनंती आहे. अपघाताच्या जागी गेल्यावर पुढची चाकं पाहा. एखादं चाक बाजूला आडवं झालेलं असेल, तर तिथल्या एखाद्या मिस्त्रीला विचारा, की हा आर्म आदळल्यावर तुटला की आधी. तुटलेल्या कडेवरून ते बरंचसं कळतं, असं आमचे मिस्त्री सांगतात : ताजी तूट चकचकीत असते, जुन्या चिरेचा भाग गंजून काळवंडलेला असतो. माझ्या आर्मच्या चिरेतही दुसऱ्या दिवशी, त्यांनी तो व्हाइसमध्ये धरून मुद्दाम तोडला तेव्हा, अर्धी कड तांबूस होती. दीड महिन्याचा गंज. तो तुकडा मी ठेवून दिला आहे. आपल्या कार्यालयाला पाहायचा असेल तर घेऊन येईन.

परवा त्या दुभाजकाजवळ पुन्हा थांबले. रंग अजून दिलेला नाही. माझ्या गाडीच्या खुणेच्या वर चंदेरी रंगाचा एक ताजा ओरखडा आहे, आणि खाली गवतात एक व्हीलकॅप पडली आहे, माझी नव्हे. ती चंदेरी गाडी ज्यांची असेल त्यांनी हे वाचलं, तर त्यांना सांगते : आपलं स्टिअरिंग सरळ असलं तरी उजवं चाक एकदा उचलून, वर-खाली धरून हलवून पाहा. आणि टायरच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)